वाड्यात वाढलेल्यांनी इंग्लंडचं मॅनर हाऊस कसं बघावं

लेक किंवा मुलगा इंग्लंडला असला की नाशिकहून आईवडिलांची एक तरी फेरी होतेच. लंडन बघून होतं, मग एखाद्या रविवारी मुलं म्हणतात, चला, जवळच एक मॅनर हाऊस, म्हणजे जुन्या जमीनदाराचं घर, आहे. तिथे बहुतेक मंडळी पुढच्या दाराने शिरतात, अर्ध्या तासात मागच्या दाराने बाहेर पडतात, बागेत फोटो काढतात आणि कॅफेत जाऊन बसतात. घरी आल्यावर विचारलं तर ‘फार मोठं होतं, पलंग छान होते’ एवढंच सांगता येतं. मला याची फार हळहळ वाटते. ज्यांचं लहानपण वाड्यात गेलं ती माणसं असं घर तिथल्या कित्येकांपेक्षा चांगलं ओळखू शकतात. सुरुवात कुठून करायची एवढंच कोणी सांगितलेलं नसतं.

मी सातपूरच्या आयटीआयमध्ये ३१ वर्षं सुतारकाम शिकवलं. जन्म नाशिकच्या तिवंध्याजवळच्या वाड्यातला. लेक डर्बीला असते. तिच्याकडे तीनदा राहून झालं आणि तेवढ्यात अकरा मॅनर हाऊस बघितली, काही दोनदा. त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे लिहितो.

जाण्याआधी एक सकाळ सराफ बाजारात

दुकानं उघडायच्या आधी सरकारवाड्यासमोर जाऊन उभे राहा. पुराचं पाणी ज्याच्या पायऱ्यांना लागलं की सगळं नाशिक धास्तावतं, तोच हा पेशवाईतला वाडा. नजर खालून वर न्या: पायऱ्या, जोतं, खांब, तुळया. मग खण मोजा. जुनी माणसं घराचा आकार चौरस फुटांत सांगत नसत, ‘सात खणांची ओसरी’ म्हणत. इंग्लंडच्या जुन्या कागदांतही घरं आणि कोठारं अशीच मोजलेली असतात, तीन बे, पाच बे. बे म्हणजे आपला खणच, दोन लाकडी चौकटींमधलं अंतर. आमच्या ओसरीचा खण पावणेसहा फुटांचा होता. तिकडचा बे पुष्कळदा पंधरा-सोळा फुटांच्या आसपास असतो, पण लाकूड जेवढं मिळालं त्याप्रमाणे कमीजास्त. मोजायची रीत मात्र एकच, म्हणून डोळ्याला ती सवय इथूनच लावून जा.

दुसरा गृहपाठ वहीत करायचा. तुम्ही ज्या वाड्यात वाढलात त्याचा आराखडा आठवून काढा आणि प्रत्येक जागेपुढे लिहा, इथपर्यंत कोण यायचं. आमच्याकडे देवडीत पोस्टमन आणि भाजीवाली थांबे. ओसरीवर कुळं आणि आजोबांकडे कामं घेऊन आलेली माणसं बसत. माजघरात फक्त नात्यातले. स्वयंपाकघरात सोवळ्याशिवाय आम्हा पोरांनाही मज्जाव. घर म्हणजे भिंती-छप्पर तर आहेच, पण कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं याची ती बांधलेली रीतही आहे. मॅनर हाऊसची किल्ली नेमकी हीच. ही वही बरोबर न्या. एक छोटी टॉर्च आणि असली तर दुर्बीणही घ्या, कारण बघण्यासारखं निम्मं छताला असतं.

मॅनर म्हणजे आधी जमीन, मग घर

एका मालकाच्या ताब्यातली शेतं, कुरणं, रान, कुळं आणि त्यांच्यावरचे हक्क, हे सगळं मिळून मॅनर. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि १०८६ मध्ये देशाच्या बऱ्याच भागाची मोजदाद केली. त्या डूम्सडे नोंदवहीत गावोगावची मॅनर लिहिलेली सापडतात. मालक किंवा त्याचा कारभारी जिथे राहायचा ते मॅनर हाऊस. तिथल्या हॉलमध्ये मॅनरची कचेरी भरे. कोणाची गुरं कोणाच्या पिकात शिरली, कोण वारला, त्याची जमीन आता कोणाच्या नावे लागली, असल्या गोष्टींचा निवाडा तिथे होई. कुळाला त्या नोंदीची नक्कल मिळायची आणि तोच त्याचा पुरावा. अशा जमिनीला कॉपीहोल्ड म्हणत. ही पद्धत १९२२ च्या कायद्याने मोडली, ती १९२६ पासून. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

म्हणून तिथे राजवाडा शोधू नका. वतनदाराचा वाडा बघायला चाललोय असं मनात धरून जा.

आत शिरायची घाई नको

तिकीट काढल्यावर सगळे दाराकडे वळतात. तुम्ही घराला एक पूर्ण फेरी घाला. पुढचा भाग पुढच्या पिढ्यांनी पुष्कळदा नवा करून घेतलेला असतो. दगडी चेहरा लावलेला असतो, खिडक्या मोठ्या केलेल्या असतात. मागच्या बाजूवर खर्च करायला कोणी तयार नसतं, त्यामुळे जुनं घर मागे शिल्लक राहतं. आपल्याकडेही मेनरोडला पुढून काचेचं दुकान दिसतं आणि बोळातून मागे गेलं की तेच घर वाडा असल्याचं कळतं.

फेरी घालताना आधी हॉल हुडका. बाकी घर दोन मजली असताना एके ठिकाणी जमिनीजवळून थेट वरपर्यंत गेलेली उंच खिडकी दिसेल. तिथे मधला मजला नाही, म्हणजे तोच हॉल. मग दारापुढचा छप्पर असलेला भाग, ज्याला ते पोर्च म्हणतात, तो हॉलच्या मध्यावर आहे की एका टोकाला ते बघा. टोकाला असेल तर घराची मूळ आखणी मध्ययुगातली असण्याचा संभव मोठा. पोर्च बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखे पुढे आलेले भाग, खिडक्यांच्या रांगा आरशात बघितल्यासारख्या जुळत्या, असं असेल तर घर किंवा निदान त्याचा दर्शनी भाग १६ व्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा धरायला हरकत नाही. वरून बघितलं तर अशा घराचा आकार इंग्रजी ई अक्षरासारखा दिसतो. एलिझाबेथ राणीच्या नावाचं ते अक्षर म्हणून मालकांनी तसं बांधलं, अशी गोष्ट तुम्हाला कोणी तरी सांगेलच. गोष्ट गोड आहे, पण दोन बाजूंचे दोन भाग आणि मधला पोर्च मिळून तो आकार आपसूक तयार होतो.

धुराडीही मोजून ठेवा. कामाचं कारण पुढे येतं.

तीन दारांचा बोळ

आता आत या आणि दारातच थांबा. जुन्या मॅनर हाऊसमध्ये तुम्ही एकदम हॉलमध्ये पोचत नाही. आधी एक अरुंद आडवा बोळ लागतो. त्याला स्क्रीन्स पॅसेज म्हणतात. एका हाताला लाकडी आडोसा, त्यात एक-दोन दारं, पलीकडे हॉल. दुसऱ्या हाताला भिंत आणि त्या भिंतीत शेजारी शेजारी तीन दारं. डर्बीशायरमधल्या हॅडन हॉलला हे फार सुरेख टिकलं आहे, कारण १७०० च्या सुमारास मालक तिथलं राहणं सोडून गेले आणि दोनशे वर्षं त्या घराला कोणी नवं करायला हात लावला नाही.

या तीन दारांपाशी मी दुसऱ्या फेरीत वीस मिनिटं उभा होतो. एक दार बटरीचं. तिचा लोण्याशी संबंध नाही. बट म्हणजे पिंप, बिअरची पिंपं ठेवायची ती खोली. दुसरं पँट्रीचं. फ्रेंचमध्ये पावाला पँ म्हणतात, त्यावरून आलेली पावाची कोठी. मधल्या दारातून लांब बोळ स्वयंपाकघराकडे जातो. आग लागण्याचं भय असल्याने स्वयंपाकघर घरापासून फटकून, कधी कधी अगदी सुटं बांधलेलं असे. हॉलमधला आडोसा वारा आणि वाढप्यांची धावपळ दोन्ही झाकायचा. आपल्या देवडीसारखीच ही जागा. बाहेरचा माणूस इथे अडतो, आतलं त्याला दिसत नाही, आणि कोणाला पुढे सोडायचं ते इथे ठरतं.

बोळातून हॉलमध्ये गेलात की समोरच्या टोकाला जमीन एक पायरी उंच दिसेल. तो डेस. मालकाचं कुटुंब तिथे आडव्या मेजाशी बसे, बाकीचे खाली लांबीच्या दिशेने मांडलेल्या मेजांशी. त्या पायरीची उंची बघून मला आजोबांच्या बैठकीची आठवण झाली. ओसरीपेक्षा ती जेमतेम चार बोटं उंच होती, पण कुळांपैकी कोणी त्या चार बोटांवर कधी पाय ठेवला नाही. डेसच्या एका अंगाला मोठी पुढे आलेली खिडकी असते, उजेड मालकाच्या मेजावर पडावा म्हणून. दुसरीकडे कुठे तरी एक लहान दार असतं, आतल्या खोल्यांकडे जाणारं. म्हणजे हॉलचं एक टोक पावाचं आणि पिंपाचं, दुसरं टोक मालकाचं. वहीत बाण काढा: पोर्च, बोळ, हॉल, डेस, आतली खोली. इंग्लंडमधली शेकडो घरं या एका बाणावर बांधली गेली आहेत.

वर बघा, वासे काळे आहेत का

आता टॉर्च काढा.

मुळात या हॉलला धुराडं नव्हतं. जमिनीच्या मध्यावर दगडी चौथऱ्यावर शेकोटी पेटायची आणि धूर वर चढून छपरातल्या झरोक्यातून बाहेर जायचा. केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेसचा हॉल १३४१ मध्ये पुरा झाला, छत ६० फूट उंच, आणि मधली अष्टकोनी शेकोटीची जागा आजही तिथेच आहे. धूर छपरात घोटाळत राहायचा, त्यामुळे वासे आणि आढं काळंकुळं व्हायचं. आपल्या स्वयंपाकघराचा कडीपाट जसा चुलीने काळा होतो अगदी तसं. माझी आजी म्हणायची, धूर खाल्लेल्या लाकडाला कीड शिवत नाही. तो काळा थर कोरडा, किंचित तुकतुकीत असतो. रंगाने काळं केलेलं लाकूड एकसारखं काळं दिसतं. धुराचं काळं शेकोटीच्या वर गडद असतं आणि दोन्ही टोकांकडे फिकट होत जातं. नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगाला पाणी टेकलं यावरून आपण पूर किती ते सांगतो. इथे वाशांवरच्या काजळीवरून शेकोटी कुठे होती ते सांगता येतं.

पुढे विटांची धुराडी आली. शेकोटी मध्यावरून उठून भिंतीत गेली, छपराखालची ती सगळी उंच जागा मोकळी झाली, आणि १६ व्या शतकापासून कित्येक मालकांनी हॉलच्या अर्ध्या उंचीवर पाटण टाकून वर खोल्या काढल्या. तुम्ही बाहेरून धुराडी मोजलीत ती याचसाठी. अशा घरात वरच्या निजायच्या खोलीचं छत किंवा माळा बघायला मिळाला तर टॉर्चचा झोत आत टाका. वर काळे वासे दिसले तर तुम्ही ज्या खोलीत उभे आहात तिथून एके काळी धूर जात होता. मालक खाली सगळ्यांबरोबर जेवायचं सोडून वरच्या खोलीत आपल्या माणसांत जेवायला लागला, नोकरचाकर मागे राहिले, आणि हॉल हळूहळू नुसता येण्याजाण्याचा दिवाणखाना झाला. चूल हलली की घरातली माणसंही हलतात. आमच्याकडे १९७० च्या दशकात गॅस आला आणि माजघरातली पंगत मोडली, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

काळेपणा बघून झाला की सांधे बघा. हे माझ्या हातचं काम, म्हणून जरा थांबून सांगतो. तिकडचं लाकूड ओक. आपण साग वर्षानुवर्षं वाळवून मग रंधा लावतो. ते ओक ओलाच कापत, कारण वाळल्यावर तो इतका कठीण होतो की हत्यार चालेना. ओलं लाकूड जागेवर बसवल्यानंतर वाळतं, आटतं, पिळवटतं. म्हणून त्या घरांचे खांब कलते, तुळया वाकलेल्या आणि चौकटी तिरक्या दिसतात. घाबरू नका, घर पडायला आलेलं नाही.

एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाशी काढलेली जीभ, दुसऱ्याच्या भोकात बसतं आणि आडवी मेख ठोकून ते पक्कं होतं. दुर्बिणीने मेखेचं डोकं शोधा. पुष्कळदा ती बोटभर बाहेर राहिलेली असते. यात खुबी अशी की मेखेसाठी पाडलेली भोकं मुद्दाम समोरासमोर नसतात. कुसवातलं भोक खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या, बाजूला जराशा फरकाने पाडलेलं असतं. निमुळती मेख ठोकत गेलं की ती वाकून वाट काढते आणि कुसू आत खेचून सांधा आवळते. लोखंड नाही, सरस नाही. वर्गात मी ही खेच शिकवायचो तेव्हा पोरं म्हणायची, सर, मशीनच्या काळात हे कशाला. त्यांच्यातल्या एकाला मी तिथून साडेचारशे वर्षं जुन्या सांध्याचा फोटो पाठवला. केसभर फट नव्हती.

सांध्याशेजारी पटाशीने मारलेल्या उभ्या-तिरक्या रेघा दिसतील, रोमन आकड्यांसारख्या. सगळी चौकट आधी अंगणात जमिनीवर आडवी जुळवत, मग सोडवून गाडीवर घालून जागेवर नेत आणि उभी करत. कुठलं कुसू कुठल्या भोकाचं हे चुकू नये म्हणून दोन्ही लाकडांवर एकच आकडा. पटाशीने सरळ रेघ सोपी, गोलाई अवघड, म्हणून रोमन. चार लिहिताना पुष्कळदा चार उभ्या रेघाच मारलेल्या असतात.

चेशायरमधल्या लिटल मोर्टन हॉलच्या चौकात उभं राहून खिडक्यांच्या वरची पट्टी वाचा. तिथे लाकडात कोरलं आहे की रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या. वर्ष १५५९. सुतार या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगही त्याने आपल्या बोलीप्रमाणे केलं आहे. मालक विल्यम मोर्टनचंही नाव आहे, पण सुताराने आपलं नाव तितक्याच मोठ्या हाताने घातलं. आमच्या वाड्याची गणेशपट्टी कोणी कोरली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या चौकात मला भरून आलं.

याच घराच्या माथ्यावर एक लांबच लांब गॅलरी आहे, मागाहून चढवलेली. वर जड दगडी फरशांचं छप्पर. खालच्या चौकटीला तो भार पेलवला नाही आणि सगळं घर वाकलं, लादी उंचसखल झाली. बाहेरून बघताना मजल्यांच्या आडव्या रेषांवर नजर फिरवा, कुठे कुठे दबलंय ते लगेच कळतं. आणि एक लक्षात ठेवा. असल्या घरांचं काळं-पांढरं रूप आपण इंग्लंडचं म्हणून ओळखतो, पण लाकडाला काळा रंग देण्याची टूम बरीचशी १९ व्या शतकातली. त्याआधी ओक तसाच रुपेरी करडा सोडत किंवा त्यावरूनच चुना फिरवत.

खिडक्या, विटा आणि चुना

खिडक्यांचं थोडक्यात सांगतो. दगडी उभ्या दांड्या, मध्ये शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान काचा, हे जुनं. मोठी सपाट काच तेव्हा करताच येत नसे. वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी दिसली तर ती १७ व्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे खिडकीपट्टीची गोष्ट सांगतात. तो कर खरा होता, १६९६ ते १८५१. पण काही खिडक्या आतल्या बदलासाठी बुजवल्या आणि काही तर दर्शनी बाजू जुळावी म्हणून मुळातच खोट्या बांधल्या. आत त्या जागी भिंतीला काय आहे ते बघितल्याशिवाय कराच्या माथी मारू नका.

विटांच्या बाबतीत सिव्हिल डिप्लोमा केलेला कोणी बरोबर असेल तर त्यालाच विचारा. एक थर सगळा विटांच्या तोंडांचा, पुढचा सगळा बाजूंचा, तो इंग्लिश बाँड. एकाच थरात तोंड-बाजू, तोंड-बाजू, तो फ्लेमिश, जो १७ व्या शतकापासून तिथे फैलावला.

चुन्यावर मात्र मला थांबलंच पाहिजे. विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या भरलेल्या फटी, जवळून बघा. चुन्याची दर्ज दुधाळ, मऊसर, मध्ये पांढरे कण असलेली. तिथे राखाडी, कडक, विटेच्या पुढे आलेली दर्ज दिसली तर कोणी तरी सिमेंट भरलेलं आहे. वीट झिजून मागे गेली आणि सिमेंट जागेवर उभं राहिलं, असा तो देखावा असतो. जुनी वीट, दगड, माती पाणी पितात आणि चुन्यातून ते बाहेर सोडतात. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आत कोंडते, क्षार फुटतात, विटेचं तोंड सुटून पडतं, आणि लाकडी चौकटीचं घर असेल तर खालचं आडवं लाकूड कुजतं.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही, नुकसानीने कळलं. आमच्या वाड्याच्या बोळाकडच्या भिंतीचा चुना जागोजागी सुटला होता. एका ठेकेदाराने सांगितलं, सिमेंटचा गिलावा मारा, पन्नास वर्षं बघायला नको. भावकीत सगळ्यांना पटलं. मीही गप्प बसलो. लाकडाची माझी माहिती पक्की होती, भिंतीची नव्हती. मग २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीचा तो मोठा पूर आला. पाणी भिंतीत शिरलं. ओसरलं, गाळ निघाला, बाहेरून सगळं ठणठणीत दिसत होतं. आतली पांढरी माती मात्र वर्षभर वाळलीच नाही. दोन पावसाळ्यांनी भिंतीला पोट आलं आणि एका रात्री कोपरा खचला, तुळईचं टोक घेऊन. माणसं वाचली. वाडा उतरवावा लागला. त्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हातात घेतलं तर भाकरीसारखं कुस्करलं.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं सांगणं असं की जुनं घर नव्यासारखं करायला जाऊ नका, रोजची डागडुजी करा, गटारं-पन्हाळी साफ ठेवा, आणि जे भरायचं ते मुळाशी जुळणारं भरा. आजही तिथे जुन्या घरांच्या दुरुस्तीला चुनाच वापरतात. परांचीवर कोणी काम करताना दिसलं तर जाऊन बोला. मी मोडक्या इंग्रजीत बोललो, तर त्या गवंड्याने मला थापी हातात देऊन दर्ज भरायला लावली.

वरचे मजले आणि लपायच्या जागा

डेसमागच्या दारातून वर गेलं की सोलर लागतं, मालकाच्या कुटुंबाची खासगी खोली. तिथे भिंतीत लहान फटी शोधा. श्रॉपशायरमधल्या स्टोकसे कासलला शेकोटीच्या दोन्ही अंगांना अशा फटी आहेत, त्यातून खाली हॉलमध्ये काय चाललंय ते दिसतं. विल्टशायरच्या ग्रेट चॅल्फील्ड मॅनरला तर भिंतीवर दगडी मुखवटे आहेत आणि त्यांचे डोळे आरपार. माजघराच्या झरोक्यातून ओसरीवरची बोलणी ऐकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या डोळ्यांपुढे येतात.

लाँग गॅलरी म्हणजे पावसात फेऱ्या मारायची जागा. हॅडनच्या गॅलरीतल्या खिडकीच्या काचा जवळून बघा. त्या एका पातळीत नाहीत, थोड्या थोड्या कलत्या आहेत, आणि प्रत्येक काच उजेड वेगळा परतवते.

१६ व्या शतकात कॅथलिक धर्मगुरूंना इंग्लंडमध्ये देहांताची शिक्षा होती, तेव्हा काही घरांत त्यांना लपवायच्या जागा केल्या गेल्या. वॉरिकशायरच्या बॅडस्ली क्लिंटनमध्ये १५९१ च्या ऑक्टोबरात झडती आली तेव्हा काही धर्मगुरू घराखालच्या गटाराच्या भुयारात पाण्यात चार तास उभे राहिले आणि वाचले. अशा जागा करणारा निकोलस ओवेन हा सुतार होता. १६०६ मध्ये लंडन टॉवरमध्ये छळ सोसून मेला, पण एकाही घराचं नाव त्याने सांगितलं नाही. बघताना त्याच्या डोक्याने विचार करा. आतल्या खोलीची लांबी पावलांनी मोजा, बाहेरून भिंतीची लांबी मोजा, फरक कुठे राहतो ते बघा. आपल्या वाड्यातली बळदं आणि चोरकप्पे पोरं अशीच हुडकायची.

कुठल्या क्रमाने बघावं

तीनच घरांना वेळ असेल तर माझं सांगणं असं. आधी स्टोकसे. लुडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १३ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, तटबंदी घालायची राजाची परवानगी १२९१ ची. हॉलच्या जमिनीत अष्टकोनी शेकोटीची जागा आणि त्या काळचा लाकडी जिना दोन्ही शाबूत. मग लिटल मोर्टन, रिचर्ड डेलला भेटायला. शेवटी हार्डविक हॉल, जो खरं तर मॅनर हाऊसच्या पुढची पायरी आहे, पण बाण कुठे जाऊन पोचला ते तिथेच कळतं. हिवाळ्यात बरीच घरं बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या, आणि एका दिवसात एकच घर. खोल्याखोल्यांत बसलेले स्वयंसेवक बहुधा आपल्याच वयाचे निवृत्त लोक असतात. ‘सगळ्यात जुना भाग कुठला’ आणि ‘छप्पर कुठून दिसेल’ हे दोन प्रश्न विचारले की ते खुर्चीवरून उठून दाखवायला येतात.

हार्डविक १५९० ते १५९७ मध्ये बेस ऑफ हार्डविकने बांधलं. लहान जमीनदाराची ही लेक चार लग्नं करून श्रूजबरीची काउंटेस झाली. बुरुजांच्या माथ्यावर तिच्या नावाची अक्षरं दगडात उभी आहेत. दारातून आत जाल तेव्हा तीन दारांचा आडवा बोळ नाही. हॉल तुमच्या चालण्याच्या दिशेतच, घराच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ गेलेला. डेसवर मालकीण नाही, तिचं मानाचं दालन सर्वात वरच्या मजल्यावर. वर जाताना प्रत्येक मजल्याच्या खिडक्या आधीच्यापेक्षा उंच होत जातात, हे बाहेरूनच बघून ठेवा. मग तो रुंद दगडी जिना सावकाश चढा. वरच्या मोठ्या दालनात पोचलात की वही उघडून आपल्या वाड्याच्या आराखड्यासमोर लिहा: इथे पोस्टमन कुठे थांबला असता, कुळं कुठे बसली असती, आणि तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ताट घेऊन इथवर येणाऱ्याला किती पायऱ्या चढाव्या लागल्या.